अण्णांची येझदी

नांदेड,
११ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत तू गाडी टेम्पोत घालून पाठवलीस, मी ती पोचल्याचा फोन केला आणि त्यानंतर तीन महिने गप्प राहिलो. माफ कर. कॉलेजच्या प्रात्यक्षिक परीक्षांचं कारण सांगता आलं असतं, पण त्या आता कुठे सुरू होत आहेत. खरं असं की फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला बिनसतं. पत्रात निदान समोरच्याचं वाक्य पूर्ण होतं. म्हणून यापुढे लिहायचं ठरवलं आहे. तूही लिही.

गाडीसाठी व्हरांड्यात जागा केली. चपलांचं कपाट जिन्याखाली सरकवलं, दीपमालाच्या कुंड्या गच्चीवर नेल्या आणि वरून पत्रा टाकून घेतला. एवढी जागा निघेल असं आम्हाला दोघांनाही वाटलं नव्हतं. जानेवारीभर नुसतं सुटं करत होतो. काढलेला प्रत्येक नट डबीत, डबीवर चिठ्ठी, आणि वहीत त्या दिवशीची नोंद. इंजिन उघडलं तेव्हा पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. चार दिवस त्यावर डिझेल ओतून ठेवलं, रोज कॉलेजातून आलो की लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे. पाचव्या दिवशी तो केसभर सरकला. मी एकटाच तिथे बसलो होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण माझे डोळे भरून आले.

एक गोष्ट मात्र खटकली. टाकीचा काळा रंग खरवडला तर खाली निळा निघाला. आपली गाडी लहानपणी मरून होती ना? मरूनचा कुठे ठिपका नाही. मग विचार केला की मधे कधीतरी अण्णांनी निळी करून घेतली असेल आणि त्या वेळी रंगाऱ्याने जुना रंग पार घासून काढला असेल. तुला आठवतं का?

ताई, अण्णांच्या तेराव्याला तू सांगितलंस, “गाडी वसंताला द्या, असं अण्णा म्हणून गेले.” ते वाक्य मी त्याच दिवशी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. उर्वीच्या दहावीच्या वर्षी अण्णा इकडे अकरा दिवस राहून परत गेले, त्यांना इथे करमलं नाही, आणि त्यानंतर आमच्यात जे तुटलं ते तुटलंच. त्या वाक्याखेरीज माझ्याजवळ वडिलांचं काही नाही. म्हणून हे काम मला नीट करायचं आहे.

गाडीचं आरसी बुक अण्णांच्या ट्रंकेत असेल. तेवढं पाठव.

तुझा,
वसंत


उदगीर,
५ मार्च २०२४

चि. वसंतास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, “बाई, हल्ली पत्र म्हणजे कोर्टाचं नाहीतर बँकेचं. हे कुणाचं?” मी म्हणाले, भावाचं. त्याला खरं वाटलं नाही.

आरसी बुक यासोबत रजिस्टरने धाडत आहे. ते नुसतं ठेवायला. कागदाच्या फंदात पडू नकोस. दुरुस्त कर, रंगव, संध्याकाळी गल्लीतून एक चक्कर मार, झाकून ठेव. गाडी चाळीस वर्षांची झाली, आता तिला कोण विचारून राहिलंय?

रंगाचं मला ठाऊक नाही. केला असेल निळा. मी शाळा, स्वयंपाक आणि अण्णांचा दवाखाना यांत होते, टाकीचा रंग बघत नव्हते. लातूरच्या डॉक्टरकडे महिन्यातून दोनदा न्यावं लागायचं त्यांना. सकाळच्या एसटीत बसवायचे तेव्हा कंडक्टर, ड्रायव्हर आणि मी, तिघं मिळून उचलायचो.

माझा गुडघा धरला आहे. पाळीव मांजर मेलं. बाकी ठीक.

दीपमालाला आणि उर्वीला आशीर्वाद.

प्रेमला


नांदेड,
२८ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सा. नमस्कार.

गाडी चालू झाली! मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. आधी तेवीस किका मारल्या, मोजल्या आहेत. येझदीला गिअरचा दांडा हाच किकचा दांडा. आत दाबून उलटा फिरवला की किक, परत सोडला की गिअर. अण्णा ते पायाने एका झटक्यात करायचे, मला अजून हात लावावा लागतो. चोविसावीला ती खोकली, दोन्ही सायलेन्सरमधून ढग निघाला आणि शेजारचे शेळके काका घर पेटलं म्हणून पाण्याची बादली घेऊन आले.

काम सांगतो. सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला. सायलेन्सरच्या नळ्यांत बोटभर काजळी होती, ती शेगडीवर जाळून काढली. पॉइंटमधली फट कागदाच्या जाडीएवढी ठेवावी लागते. थोडी जास्त झाली तर ठिणगी मरते, कमी झाली तर पॉइंट जळतात. मी ती सात वेळा लावली. दीपमाला दारात उभी राहून म्हणाली, “लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझ्या चष्म्याचा नंबर सांगता येतो का? ह्या गाडीच्या कार्बोरेटरमधल्या जेटचा नंबर मात्र तोंडपाठ आहे.”

टाकीच्या उजव्या बाजूला पोचा आहे बघ. रेल्वे फाटकाजवळ मी आणि अण्णा पडलो होतो तोच हा. मी तिसरीत होतो. माझा गुडघा फुटला आणि अण्णा आधी माझ्याकडे धावले, गाडी तशीच भुर्र करत पडली होती. रंगारी पोचा भरून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. दांड्यावरचं रबरही बाहेरच्या कडेला झिजलंय. अण्णा टाच तिरकी टाकायचे त्यामुळे. तेही बदललं नाही, तसंच धुऊन बसवलं. टाकीला मरून रंग दिला. तयार डब्यातला जुळेना म्हणून तीन डबे मिसळून केला.

आता कागदपत्रं. नोंदणीची मुदत संपून बरीच वर्षं झाली आहेत. वारस म्हणून माझ्या नावावर करून रीतसर नवी नोंदणी करणार आहे. तुझं संमतीपत्र लागेल. तू फंदात पडू नको म्हणालीस, पण अण्णांची गाडी मी चोरासारखी गल्लीत फिरवू का?

तुझा,
वसंत


उदगीर,
९ मे २०२४

चि. वसंता,
आशीर्वाद.

गाडी चालू झाली हे वाचून बरं वाटलं. तो पोचा तोच असेल.

संमतीपत्र मागितलंस. सध्या शाळेला सुट्टी आहे, पण माझं नाव निवडणुकीच्या कामात लागलं होतं, अंग आंबून गेलंय. बघते. तुला घाई कशाची? एवढी वर्षं घाई नव्हती.

तू लहानपणापासून असाच. आईने हातावर साखर ठेवली तर तू दाणे मोजायचास. काही गोष्टी मोजू नयेत वसंता. गाडी तुला मिळाली, चालू झाली, तुझं मन शांत झालं, एवढ्यावर थांब. मोठी बहीण सांगून राहिली आहे म्हणून तरी ऐक.

आंबे पाठवणार होते. यंदा आपल्या झाडाला आलेच नाहीत.

प्रेमला


नांदेड,
१६ जून २०२४

ती. ताईस,
नमस्कार.

आज सकाळपासून तीनदा हे पत्र सुरू केलं.

अर्जाला चेसिस नंबरचा छाप जोडावा लागतो. एजंट लोक तो कसाही काढून लावतात, म्हणून मी घरीच घ्यायचं ठरवलं. हँडलखाली सांगाड्याच्या नळीवर नंबर ठोकलेला असतो. घासताना तो पुसट होऊ नये म्हणून मी अगदी पहिल्या दिवशीच तिथे चिकटपट्टी लावली होती. खरवडताना, रंग देताना, सगळं होईपर्यंत ती पट्टी मी काढली नाही. परवा काढली. रॉकेलच्या फडक्याने जागा पुसली, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली. शाळेत आपण नाण्याचा छाप घ्यायचो तसा. आकडे छान उमटले.

ते आरसी बुकातल्या आकड्यांशी जुळत नाहीत.

शेवटचे चार तर मुळीच नाहीत. मी तीन छाप घेतले. मग इंजिनवरचा नंबर पाहिला. तो मी फेब्रुवारीतच ब्रशने स्वच्छ केला होता, पण मिळवून पाहावा असं मनातही आलं नव्हतं. घरच्या माणसाला कोणी ओळखपत्र मागतं का? तोही जुळत नाही. कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि चांगल्या शब्दांत म्हणाल्या, “सर, हा छाप दुसऱ्याच गाडीचा आहे. घरी अजून एखादी गाडी आहे का?”

बाहेर बसवंत नावाचा एजंट भेटला. माझा जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, “सर, एवढं काय घेऊन बसलात? जुना नंबर घासायचा, बुकातला ठोकायचा. अर्ध्या तासाचं काम. आपला माणूस हाय.” मी त्याला रागावलो. मग त्याचा फोन नंबर लिहून घेतला. का लिहून घेतला, हा प्रश्न आज रोजनिशीत घातला आहे.

ताई, अण्णांनी कधी सांगाडा आणि इंजिन दोन्ही बदलून घेतले होते का? अपघात वगैरे होऊन? तसं असेल तर कुठेतरी पावती असेल. आणि तसं नसेल तर काय आहे ते मला सांग. फोन करणार नाही. लिहून सांग.

वसंत


उदगीर,
२१ जुलै २०२४

चि. वसंता,

तुझं पत्र महिनाभर देवळीत ठेवलं होतं. रोज दिवा लावताना दिसायचं.

अण्णांनी काही बदलून घेतलं नव्हतं. ती गाडी अण्णांची नाही.

अण्णांची गाडी २०१७ च्या मे महिन्यात मोडली. तुझ्याकडून परत आले त्याला दोन महिने झाले असतील. मांडीचं हाड अजून नीट जुळलं नव्हतं, वॉकर धरून चालायचे. एक दिवस मी शाळेतून आले तर दारात भंगारवाला, त्याचा गॅसचा कटर, आणि अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसलेले. सांगाडा कापून होईपर्यंत उठले नाहीत. मी म्हणाले, “अण्णा, हे काय करून राहिलात? वसंता विचारील की गाडीचं.” ते म्हणाले, “न्हाई विचारत. अन् विचारलंच तर सांग, ठेवायला जागा न्हवती.”

तुझ्या घरून त्यांना हेच सांगून धाडलं होतं ना? घर लहान आहे, पोरीची परीक्षा आहे, खाटेला जागा नाही. दीपमालाला जड झाले असतील, मी समजून घेतलं. परक्याची लेक, तिला काय दोष द्यायचा? पण मोडक्या पायाच्या माणसाला तू रेल्वेत बसवून शेजाऱ्याच्या हवाली केलंस. तो शेजारी परळीला उतरून गेला. पुढे उदगीरपर्यंत अण्णा एकटे आले. लघवीला उठता येईना म्हणून पाणी प्यायले नव्हते. हे त्यांनी मला सांगितलं नाही. ओठ बघून कळलं.

तेराव्याला पंगत उठत होती. वीस-बावीस माणसं. तू सगळ्यांदेखत मला विचारलंस, “ताई, अण्णा माझ्याबद्दल काही बोलले का?” मी काय सांगणार होते? गेल्या पाच वर्षांत तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, असं सांगू? तुझं तोंड लई केविलवाणं झालं होतं. तोंडात आलं ते बोलले. गाडी वसंताला द्या म्हणाले. गाडी मोडलीय हे मला त्या क्षणी सुचलंही नाही.

मग तू वर्षभर गाडीच्या मागे लागलास. मोडण्याआधीच्या चार-पाच वर्षांत आणि नंतरही तू येऊन जायचास, गाडी कुठे आहे हे एकदाही विचारलं नाहीस. आता दर फोनला गाडी, गाडी. ताई, तू एकटी कशी राहतेस, हे कधी विचारलंस? शेवटी शिवप्पा मिस्त्रीकडे गेले. त्याच्या शेडमध्ये एक येझदी कितीतरी वर्षं पडून होती. कोणीतरी दुरुस्तीला टाकून गेला तो परत आलाच नाही. शिवप्पा म्हणाला, घेऊन जा अक्का, जागा तरी मोकळी होईल. कटरवाल्याकडून नंबराची पाटी मी मागून ठेवली होती, ती तिला लावली. शिवप्पाने वरून काळा रंग मारून दिला.

मला वाटलं, रंगवशील, दोनदा फिरवशील, ठेवून देशील. तू छाप घेत बसशील हे ध्यानात यायला हवं होतं. तुला मी हाताने वाढवलंय.

पोचा कुणाचा ते मला माहीत नाही. माफी मागत नाही. थकले आहे.

प्रेमला


नांदेड,
२५ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

चार उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्यात तुझ्यावर राग होता, आठ महिने माझी फसवणूक चालू ठेवलीस म्हणून. ते पत्र चांगलं झालं होतं, वाक्यं जमली होती, म्हणूनच मला त्याचा संशय आला.

फसवणूक एकट्या तुझी नव्हती. निळा रंग निघाला त्या दिवशीची नोंद मी पुन्हा वाचली. तिच्याखाली मी लिहिलंय : “जास्त विचार करू नये.” रोज एवढा विचार करणारा माणूस नेमका त्याच दिवशी असं का लिहितो? पोच्याचंही तेच. आम्ही पडलो ते डाव्या अंगावर. माझा डावा गुडघा फुटला होता, त्याचा व्रण अजून आहे. पोचा उजवीकडे आहे हे मला दिसत होतं.

आता जे लिहायचं ते लिहितो.

दीपमालाला जड झालं नव्हतं. ती म्हणाली होती, अण्णांना हॉलमध्ये झोपू दे, उर्वी माझ्या माहेरी जाऊन अभ्यास करील, एका महिन्याचा प्रश्न आहे. मी नको म्हणालो. ते मध्यरात्री कण्हायचे, भांडं मागायचे, आणि मला ते सहन होत नव्हतं. किळस यायची. हा शब्द मी आजवर रोजनिशीतही लिहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढून आणलं आणि तुला फोनवर सांगितलं की अण्णांना करमत नाही. तू सात वर्षं दीपमालाला मनातून दोष दिलास आणि मी तो देऊ दिला. तिला परवा तुझं पत्र वाचायला दिलं. वाचून घडी घालून परत दिलं. म्हणाली, “ताईंना माझ्याबद्दल असं वाटत होतं, आणि तुम्हाला ते माहीत होतं.” त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

अण्णांना करमत नव्हतं असंही नाही. दहाव्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या पायाला तेल लावत होतो. त्यांनी विचारलं, “पोरीची परीक्षा कधी संपते रे?” म्हणजे तेवढे दिवस ते कुठेही कोपऱ्यात बसून काढायला तयार होते. तिकीट माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, “अण्णा, इथं खाटेला जागाच नाही बघा.” ते म्हणाले, “बरं.” मग स्वतःच पाय ओढून घेतला आणि उरलेलं तेल स्वतः चोळलं.

तेव्हा ते तुला जे म्हणाले ते माझंच वाक्य होतं. मला ते बरोबर पोचलं.

मागच्या सोमवारी मी बसवंतला फोन केला. हेही तुला कळलं पाहिजे. त्याच्या माणसाकडे गाडी नेली. त्याने नळी कानसेने घासायला घेतली, मी थांबवलं. म्हटलं, आधी ठोकून कसा दिसेल ते पत्र्यावर दाखव. त्याने पत्र्याच्या तुकड्यावर अण्णांच्या गाडीचा नंबर ठोकला. हुबेहूब. “मारू का सर?” त्याने विचारलं. मी पत्र्यावरचा एकेक आकडा बुकाशी पुन्हा ताडून पाहू लागलो. बसवंत म्हणाला, “सर, तुम्ही प्रॅक्टिकलला पण असेच करायचे. रीडिंग आलेलं असायचं, तरी तुमच्या तोंडून ‘लिहा’ असं निघायचं नाही.”

मी गाडी ढकलत घरी आणली. प्रामाणिकपणा म्हणून परत आणली असं लिहायला आवडलं असतं. पण पकडलं जाण्याची भीती होती, आणि नंबर ठोकला तरी ते वाक्य अण्णांच्या तोंडचं होणार नाही, हेही कळत होतं. यांतलं किती काय होतं, हे मला वेगळं काढता येत नाही.

तू माफी मागत नाहीस ते बरोबर आहे. मी मागतो, पण तुझ्याकडून उत्तराची वाट पाहत नाही. गुडघ्याचं काय झालं, हे विचारायला मला पाच महिने लागले. लातूरला दाखवायचं असेल तर मी येईन. नको म्हणालीस तरी पुन्हा विचारीन.

गाडी व्हरांड्यात उभी आहे. पाटी काढून ठेवली. काल टाकीवरून हात फिरवत होतो तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आधीचा तो निळा रंग कुणीतरी हौसेने दिला असेल. तो पोचा कुणाच्या तरी पडण्याचा आहे, ती टाच कुणाची तरी आहे. तो माणूस शिवप्पांच्या शेडमध्ये गाडी टाकून गेला आणि परत का आला नाही, हे आपल्यापैकी कोणीही विचारलं नाही. मी तर त्याच्या गाडीवर मरून रंग चढवून बसलो. हदगाव, देगलूर, बिदर, कुठलाही असेल. जिवंत असेल, नसेल. त्याची मुलं असतील.

गाडी आली तेव्हा टेम्पोवाल्याने दिलेला शिवप्पांचा फोन नंबर दीपमालाच्या वहीत सापडला.

उद्या : शिवप्पांना फोन करून गाडी टाकून गेलेल्या माणसाचं नाव आणि गाव विचारणे.

वसंत